फेअरफॅक्सच्या मुली आणि देशोधडीला लागलेले मास्तर

चरित्रात गावाच्या वाट्याला बहुधा एकच प्रकरण येतं, पहिलं. मुलीला नाचाचं वेड, गावाला त्याचं सोयरसुतक नाही, एके दिवशी ती गाव सोडते आणि पुढची पानं टाळ्यांनी भरून जातात. बॅले नर्तकींची चरित्रं तर या साच्यातून क्वचितच सुटतात. अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यातल्या पाच नर्तकींच्या बाबतीत मात्र हा साचा पार तोकडा पडतो. रोझेला हायटावर (जन्म १९२०), मारिया टॉलचीफ आणि मॉसेलिन लार्किन (दोघींचा जन्म १९२५), मारियाची धाकटी बहीण मार्जरी (१९२६) आणि इव्हॉन शूटो (१९२९) या पाचही जणींची मुळं ओक्लाहोमाच्या मूलनिवासी जमातींत होती आणि पाचही जणी जगातल्या अव्वल रंगमंचांवर नाचल्या. तेलविहिरी, कुरणं आणि धुळीची वादळं यांच्यासाठी ओळखल्या जाणाऱ्या राज्यातून, दहा वर्षांच्या आत जन्मलेल्या पाच मुली एकाच कलेत शिखर गाठतात, याचं उत्तर ‘त्यांनी स्वप्न पाहिलं’ एवढ्यावर भागत नाही. माझ्या मते या मुली बॅलेकडे गेल्या त्याआधी बॅलेच त्यांच्या दारात येऊन उभं राहिलं होतं. ते तिथवर आणणारे लोक काही कलाप्रसाराच्या उदात्त हेतूने निघालेले नव्हते. त्यांच्या पायाखालचा देशच गेला होता.

सुरुवात फेअरफॅक्सपासून करू, कारण पाचांपैकी सर्वांत प्रसिद्ध असलेली मारिया तिथली. ओसेज जमातीने १८७०च्या दशकात आपली राखीव जमीन स्वतःच्या पैशाने चेरोकींकडून विकत घेतली होती. १९०६च्या कायद्याने जमिनीच्या वाटण्या झाल्या, पण जमिनीखालचं खनिज जमातीच्या सामायिक मालकीचं राहिलं आणि त्याचं उत्पन्न २,२२९ हिश्शांत विभागलं गेलं. खाली तेल होतं. विसाच्या दशकात ओसेज माणसं दरडोई हिशेबाने जगातल्या सर्वांत श्रीमंत लोकांत गणली जाऊ लागली आणि त्याच पैशासाठी त्यांचे खून पडू लागले. ‘किलर्स ऑफ द फ्लॉवर मून’ या चित्रपटामुळे तो काळ आता आपल्याकडेही अनेकांना माहीत आहे. त्या खुनांच्या केंद्रस्थानी जे फेअरफॅक्स होतं, त्याच गावात टॉलचीफ कुटुंबाचं टेकडीवर दहा खोल्यांचं विटांचं घर होतं. वडील अलेक्झांडर ओसेज, आई रूथ स्कॉटिश-आयरिश वंशाची. गावातलं सिनेमा थिएटर आणि बिलियर्ड्सचा अड्डा वडिलांच्या मालकीचा. मुलींना पियानो आणि नाच शिकवायचा, हा ध्यास आईचा होता. तिला स्वतःला लहानपणी ते परवडलं नव्हतं.

गावात नाच शिकवायला तल्साहून एक फिरत्या शिक्षिका यायच्या, सॅबिनबाई. त्यांनी मारियाला अगदी कोवळ्या वयात पॉइंट शूज घालून पायाच्या बोटांच्या टोकांवर उभं केलं. बॅलेतली ही सर्वांत धोक्याची गोष्ट. पॉइंट शूजचा पुढचा भाग कापड आणि खळीचे थर चढवून कडक केलेला असतो आणि अख्ख्या शरीराचा भार त्या चिमूटभर टोकावर येतो. घोटा, पोटरी आणि पाठ काही वर्षांच्या सरावाने तयार झाल्यावर, साधारण अकरा-बाराव्या वर्षी, जाणकार शिक्षक ते हाती देतात. त्याआधी हाडं पक्की झालेली नसतात. आपल्याला कायमची इजा झाली नाही हा चमत्कारच, असं मारियाने पुढे आत्मचरित्रात लिहिलं. म्हणजे फेअरफॅक्समध्ये नाचाची हौस होती, पैसा होता, शिक्षिकाही होती. विद्या नव्हती. १९३३मध्ये कुटुंब लॉस एंजेलिसला गेलं. तिथे आईने मुलींसाठी नाचाचा शिक्षक शोधला तो औषधाच्या दुकानातल्या विक्रेत्याला विचारून. त्याने अर्नेस्ट बेल्चर यांचं नाव सांगितलं आणि बेल्चरनी आधीचं सगळं शिक्षण पुसून मुलींना पहिल्या धड्यापासून बसवलं. खरी विद्या भेटली त्यानंतर, ब्रोनिस्लावा निजिन्स्का यांच्या वर्गात.

निजिन्स्का या कथानकात कुठून आल्या, हा प्रश्न चरित्रकार फारसा विचारत नाहीत. विख्यात नर्तक वास्लाव निजिन्स्कीची ही बहीण सेंट पीटर्सबर्गच्या शाही शाळेत तयार झालेली, द्यागिलेव्ह या रशियन संयोजकाच्या ‘बॅले रूस’ मंडळीतली नर्तकी आणि पुढे नृत्यरचनाकार. रशियन क्रांती झाली नसती, तर अशी बाई कॅलिफोर्नियात शाळकरी मुलींचे गुडघे सरळ करत कशाला बसली असती? क्रांती, यादवी युद्ध आणि १९२९मध्ये द्यागिलेव्हचा मृत्यू, अशा एकामागून एक तडाख्यांनी रशियन बॅलेची एक अख्खी पिढी पांगली. त्यातून १९३२मध्ये माँटे कार्लोत नवी मंडळी उभी राहिली आणि पुढच्याच वर्षाच्या अखेरीस सोल ह्युरोक या व्यवस्थापकाने ती अमेरिकेत आणली. पुढे भांडणं होऊन तिचे दोन तट पडले. दोन्ही तट हंगामभर रेल्वेने गावोगाव फिरायचे. रात्री खेळ, मध्यरात्री सामान डब्यात, सकाळी दुसरं गाव. आपल्या संगीत नाटक मंडळ्यांच्या दौऱ्यांची आठवण व्हावी असाच तो संसार होता. दुसरं महायुद्ध सुरू झाल्यावर युरोपकडे परतायची वाट बंद झाली आणि यातले बरेच जण अमेरिकेतच अडकले. ज्या देशात स्वतःची बॅले परंपरा जवळजवळ नव्हती, तिथे जगातली उत्तम बॅले विद्या अशी नाइलाजाने वस्तीला आली.

पाचही नर्तकींच्या आयुष्यात या पांगापांगीचा माणूस नाव घेऊन दाखवता येतो. इव्हॉनने लहानपणी ओक्लाहोमा सिटीत रशियन नर्तकी अलेक्झांड्रा दनिलोवाला नाचताना पाहिलं आणि १९४३मध्ये, चौदाव्या वर्षी, ती दनिलोवाच्याच मंडळीत दाखल झाली. रोझेलाला १९३८मध्ये रशियन नृत्यरचनाकार लिओनिद मासीनने माँटे कार्लोला बोलावलं. मॉसेलिनची तर आईच रशियन नर्तकी होती, एव्हा मातलागोवा. तिने लेकीला ओक्लाहोमातच शिकवलं आणि कोवळ्या वयातच मॉसेलिन दोन तटांपैकी ‘ओरिजिनल बॅले रूस’मध्ये गेली. मार्जरीचंही शिक्षण निजिन्स्कांकडेच झालं. एखाद्या मुलीच्या बाबतीत याला योगायोग म्हणता येईल, पाचांच्या बाबतीत म्हणता येत नाही.

मारियाचा प्रवेश कसा झाला तेही पाहण्यासारखं आहे. १९४२मध्ये सतरा वर्षांची मारिया न्यूयॉर्कला गेली आणि दुसऱ्या तटाच्या, म्हणजे बॅले रूस द माँटे कार्लोच्या कार्यालयात जाऊन उभी राहिली. नर्तकी पुरेशा आहेत, असं उत्तर मिळालं. काही दिवसांनी तिला उमेदवारीवर घेतलं गेलं. मधल्या काळात तिची कला वाढली नव्हती. मंडळी कॅनडाच्या दौऱ्यावर निघाली होती आणि बऱ्याच रशियन कलावंतांकडे सीमा ओलांडण्याजोगी कागदपत्रं नव्हती. मारियाकडे पासपोर्ट होता. दौरा संपताना एक नर्तकी गरोदर असल्याने सोडून गेली, तेव्हा मारियाला आठवड्याला चाळीस डॉलरवर कायम करण्यात आलं. ज्यांचा देश गेला त्यांच्याकडे विद्या होती, पण कागद नव्हता. आणि जिच्याकडे कागद होता, तिच्या ओसेज पूर्वजांना अमेरिकेने आपले नागरिक म्हणून सरसकट मानलं ते १९२१मध्ये, तिच्या जन्माच्या जेमतेम चार वर्षं आधी. मंडळीत बाकीच्यांप्रमाणे रशियन वळणाचं नाव घ्यायची सूचना तिला झाली, ‘टॉलचीवा’ वगैरे. लिलियन अलिशिया मार्क्स नावाची लंडनची मुलगी अलिशिया मार्कोव्हा झाली होती, तो शिरस्ताच होता. मारियाने पहिलं नाव बदललं, आडनाव बदलायला ठाम नकार दिला.

यावर पहिला आक्षेप उघड आहे. फेअरफॅक्समध्ये सॅबिनबाईंकडे इतरही मुली शिकल्या असतील, निजिन्स्कांच्या वर्गात तर डझनावारी मुली होत्या. मग मारियाच का? आक्षेप बरोबर आहे आणि त्याचं उत्तर म्हणजे अर्थातच गुण आणि कष्ट. १९४९मध्ये नृत्यरचनाकार बालान्चिनने तिच्यासाठी रचलेला ‘फायरबर्ड’ कोणत्याही पासपोर्टच्या जोरावर नाचता येत नाही. पण गुण ‘हीच का’ या प्रश्नाचं उत्तर देतो, ‘याच पिढीत आणि इथेच का’ या प्रश्नाचं देत नाही. ओक्लाहोमात १८८०च्या दशकात जन्मलेल्या मुलींत गुणाचा दुष्काळ होता असं कोण म्हणेल?

दुसरा आक्षेप पैशाचा. टॉलचीफ बहिणींना तेलाचा पैसा होता, मग रशियन निर्वासितांचं एवढं कौतुक कशाला? पैशाचं महत्त्व मी नाकारत नाही. ओसेजांचं उत्पन्न नसतं तर लॉस एंजेलिसची बिऱ्हाडबदली अवघड होती. पण हे कारण पाचांना लागू पडत नाही. रोझेला चोक्टॉ होती आणि तिचं कुटुंब कॅन्सस सिटीला गेलं ते वडिलांच्या रेल्वेतल्या नोकरीमुळे.

तिसरं स्पष्टीकरण तेव्हाच्या वृत्तपत्रांचं लाडकं होतं: नाच यांच्या रक्तातच आहे. हे गौरवाच्या वेषातलं अज्ञान आहे. ओसेज, चोक्टॉ, शॉनी, पिओरिया, चेरोकी या जमातींच्या भाषा, समारंभ आणि नाच वेगवेगळे आहेत. तालावर जमिनीशी नातं ठेवणारे ते नाच आणि जमीन सोडायला धडपडणारं बॅले यांत फारसं साम्यही नाही. शिवाय ज्या नाचाला रक्तातला म्हणायचं, तो सरकारच दडपत होतं. १८८३च्या नियमांनी जमातींचे समारंभी नाच गुन्हा ठरवले होते, विसाच्या दशकातही इंडियन खात्याचे आयुक्त चार्ल्स बर्क नाचांना आवर घालणारी परिपत्रकं काढत होते. हे धोरण उलटलं ते १९३४मध्ये. मारियाची आजी तिला समारंभांना न्यायची तेव्हा ते आडजागी, लपूनछपून होत असत. म्हणजे घरचा नाच चोरून आणि परका नाच फी भरून, अशा काळात ही मुलगी वाढली. मूलनिवासी वंशाचा तिला अभिमान होता, पण ओळख हवी होती ती नर्तकी म्हणून. ‘इंडियन’ कुतूहलाची वस्तू म्हणून नव्हे.

माझ्या म्हणण्याला ताळा म्हणून दूरचं एक गाव पाहता येईल. उरल पर्वतापाशी असलेल्या उफा शहरात रुडॉल्फ नुरेयेव वाढला. घरात पैसा नाही, लष्करात असलेल्या वडिलांचा नाचाला कडाडून विरोध. तरीही १९४४ सालच्या अखेरच्या रात्री आईने एका तिकिटावर सगळ्या मुलांना ऑपेरा हाउसमध्ये घुसवलं आणि त्याने बॅले पाहिलं. त्याची पहिली शिक्षिका आना उदेल्त्सोवा द्यागिलेव्हच्या मंडळीत नाचलेली, आणि उफात आली होती ती हद्दपारीमुळे. क्रांतीने काहींना कॅलिफोर्नियात फेकलं तसं काहींना उरलपाशी. सतराव्या वर्षी नुरेयेव लेनिनग्राडच्या शाळेत पोचला तो या शिदोरीवर. मुंबईतही हे दिसतं. वेल्डरचा मुलगा अमिरुद्दीन शाह आणि टॅक्सीचालकाचा मुलगा मनीष चौहान यांना येहुदा माओर या इस्रायली शिक्षकाने बॅलेत घडवलं. अमिरुद्दीन २०१७मध्ये लंडनच्या रॉयल बॅले स्कूलमध्ये गेला आणि दोघांच्या कहाणीवर ‘ये बॅले’ हा चित्रपट निघाला. चित्रपटाची जाहिरात स्वप्नांची होती. गोष्ट मात्र उतारवयात मुंबईला आलेल्या एका शिक्षकाचीही तेवढीच आहे.

विद्या देणारा शिक्षक आधी दारात यावा लागतो, हे पाच नर्तकींना कळलं असावं, असं त्यांच्या पुढच्या आयुष्यावरून वाटतं. मार्जरी १९५७मध्ये पॅरिस ऑपेराची तारका झाली. रोझेलाने १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला कान येथे शाळा काढली आणि पुढे पॅरिस ऑपेराच्या बॅलेची सूत्रं सांभाळली. इव्हॉन आणि तिचा नवरा मिगेल तेरेखोव्ह यांनी ओक्लाहोमा विद्यापीठात नृत्याचं शिक्षण सुरू केलं. मॉसेलिन आणि रोमान यासिन्स्की हे दांपत्य तल्साला परतलं, मुलांना शिकवू लागलं आणि १९५६मध्ये त्यातून तिथली बॅले मंडळी उभी राहिली. म्हणजे सॅबिनबाई ज्या शहरातून फेअरफॅक्सला यायच्या, तिथे एका पिढीनंतर बॅले रूसमध्ये मुरलेले शिक्षक कायमचे राहायला आले. मारियानेही मार्जरीला सोबत घेऊन शिकागो सिटी बॅले काढली. तिच्यामागे अमेरिकेतल्या कुठल्याही नर्तकीपेक्षा मोठं नाव होतं आणि शहरही तल्साच्या कितीतरी पट मोठं. ती मंडळी १९८७मध्ये बंद पडली. तल्सा बॅले अजून चालू आहे.