लाइमच्या रानांतील उंदीर

प्लेग आणि उंदीर यांचें नातें महाराष्ट्रांतील सुशिक्षित घरांना नव्यानें सांगावयास नको. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग आला; १८९८ सालीं पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरानें उंदराच्या अंगावरील पिसवेकडे बोट दाखविलें. विद्वानांना तें पटावयास आणखी कांहीं वर्षें लागलीं, तरी घरांत उंदीर मरून पडूं लागले कीं बिऱ्हाड हलवावें, एवढें शहाणपण सामान्य माणसालाही आलें होतें. तो उंदीर स्वतः मरून सूचना देत असे. परंतु जो उंदीर रोगाचें बीज बाळगतो आणि मरत मात्र नाहीं, त्याचा सुगावा लागावा कसा? अमेरिकेच्या कनेक्टिकट संस्थानांतील लाइम गांवाची हकीकत अशाच एका उंदराची आहे.

१९७५ सालीं तेथील दोन मातांनीं आरोग्यखात्यास कळविलें कीं, आसपासच्या बऱ्याच मुलांचे गुडघे सुजतात आणि डॉक्टर त्यास बालसंधिवात म्हणतात. संधिवाताची कोठें सांथ येते काय? त्यांपैकीं पॉली मरे या बाईंनीं आजाऱ्यांची यादीच करून ठेविली होती. येल विद्यापीठांतील तरुण डॉक्टर ॲलन स्टीअर यांनीं ती हंसण्यावारी नेली नाहीं. लाइम, ओल्ड लाइम आणि ईस्ट हॅडम या तीन गांवांत त्यांना ५१ रोगी सांपडले, पैकीं ३९ मुलें; वस्ती सारी १२,००० ची. दुखणें बहुधा उन्हाळ्यांत सुरू होई, आणि तेंही रानालगतच्या घरांत. चौथ्या हिश्शाच्या रोग्यांना आधीं अंगावर लाल, पसरत जाणारा चट्टा उठल्याचें स्मरत होतें. असाच चट्टा स्वीडनमध्यें आर्विड आफ्सेलिउस यांनीं १९०९ सालीं वर्णिला होता आणि त्याचा संबंध गोचिडाच्या दंशाशीं लाविला होता.

दंशांतून जातें तें काय, हें कळलें मात्र योगायोगानें. १९८१ सालीं माँटॅना संस्थानांतील हॅमिल्टनच्या प्रयोगशाळेंत विली बर्गडॉर्फर हे मूळचे स्विस शास्त्रज्ञ न्यूयॉर्ककडून आलेले गोचीड चिरून पाहत होते. शोध चालला होता निराळ्याच ज्वराच्या जंतूंचा. ते मिळाले नाहींत. गोचिडाच्या आंतड्यांत दिसले मळसूत्रासारखे वळणदार, सडपातळ जंतु. तेच लाइमच्या रोगाचें कारण ठरले आणि १९८४ सालीं त्यांस बर्गडॉर्फर यांचेंच नांव मिळालें.

आतां संशय गेला हरणावर, आणि तें स्वाभाविकही होतें. या गोचिडाला लोक 'हरणाचा गोचीड'च म्हणत. रक्त पिऊन टरारलेली मादी हरणाच्या अंगावर डोळ्यांना दिसे. हार्वर्ड येथील अँड्र्यू स्पीलमन आणि त्यांचे सहकारी यांनीं मात्र गोचिडाचें बालपण तपासलें. अंड्यांतून निघणारी सहा पायांची अळी बहुधा निर्दोषच असते. दोन वर्षांच्या आयुष्यांत गोचीड जेवतो तीनच वेळां, आणि पहिलें जेवण त्याला पुष्कळदां पांढऱ्या पायांच्या रानउंदराच्या अंगावर मिळतें. जंतु गोचिडांत शिरतो तो येथें. हिंवाळा जातो, अळीचें रूप पालटतें, आणि खसखशीच्या दाण्याएवढा हा कुमार गोचीड पुढच्या उन्हाळ्याच्या आरंभीं पुन्हां एखाद्या उंदराला, नाहींतर गवतांत खेळणाऱ्या मुलाच्या पोटरीला, चिकटतो. मौज अशी कीं, कुमार आधीं जेवतात आणि त्या वर्षींच्या अळ्या मागाहून. म्हणजे जुनी पिढी उंदराला जंतु देऊन जाते आणि नवी पिढी तो त्याच्याकडून उचलते. उंदीर बापडा खातो, पितो, पिल्लें वाढवितो. त्याला सहसा कांहींच होत नाहीं. हरणाच्या रक्तांतून मात्र गोचिडाला जंतु मिळत नाहीं, हेंही १९८८ पर्यंतच्या प्रयोगांनीं दिसून आलें.

म्हणून हरीण सुटलें काय? तसेंही नव्हे, कारण मादी गोचिडाचें अखेरचें मोठें जेवण तेंच पुरवितें. मेन संस्थानाच्या किनाऱ्यापलीकडील मॉन्हेगन बेटावर हे रानउंदीर नव्हतेच. तेथें त्यांचें काम गटारांत राहणाऱ्या मोठ्या उंदरांनीं पत्करिलें होतें. १९९६ ते १९९९ या काळांत बेटावरील सारीं हरणें नाहींशीं करण्यांत आलीं, आणि पुढें कांहीं वर्षांत गोचीड फार विरळ झाले. उंदीर होते तेथेंच राहिले.

मग लाइमवरच हें संकट कां यावें? त्या प्रांतांतील अरण्य गोऱ्या वसाहतवाल्यांनीं तोडून शेतें केलीं होतीं. एकोणिसाव्या शतकांत शेतें ओस पडूं लागलीं, झाडी परत आली, मागाहून हरणें आलीं. शेतांच्या दगडी बांधांच्या ओळी मात्र रानांत तशाच राहिल्या, आणि त्यांच्या फटींत उंदरांना आयतीं घरें मिळालीं. पुढें शहरवासी हौसेनें त्याच झाडींत बंगले बांधून राहूं लागले. उंदराच्या अंगणांत माणूसच गेला, म्हणावयाचें. ओकच्या झाडांना ज्या वर्षीं फळांचा बहर येतो, त्याच्या पुढल्या वर्षीं उंदीर वाढतात आणि त्याच्याही पुढल्या वर्षीं जंतु बाळगणारे कुमार गोचीड वाढतात, असें न्यूयॉर्क संस्थानांतील मिलब्रुक येथें रिचर्ड ऑस्टफेल्ड प्रभृतींनीं दाखविलें. सरकारी रोगनिवारण केंद्राच्या अंदाजाप्रमाणें २०१० ते २०१८ या काळांत अमेरिकेंत वर्षाला सुमारें ४,७६,००० लोकांवर या रोगाचे उपचार झाले.

स्पीलमन यांच्या मंडळींनीं १९८७ सालीं एक युक्ति प्रसिद्ध केली. गोचीड मारणारें औषध लाविलेला कापूस नळकांड्यांत भरून रानांत ठेवावयाचा; उंदीर तो आपण होऊन बिळांत नेतात, पिल्लांखालीं अंथरतात, आणि त्यांच्या अंगावरील गोचीड मरतात. मॅसॅच्युसेट्समध्यें उपाय लागू पडला. कनेक्टिकटमध्यें उंदरांनीं कापूस नेला, त्यांच्या अंगावरचे गोचीडही कमी झाले, पण घराभोंवतीं माणसाची वाट पाहणारे कुमार गोचीड कांहीं घटले नाहींत; त्या रानांत चिचुंद्र्या आणि खारीही होत्या, आणि त्यांना कापसाची गरज नव्हती.