हरवले अमेरिकेत, सापडले प्रागमध्ये

घरातला एखादा जुना फोटो सगळे घर पालथे घातले तरी सापडत नाही आणि कधीतरी तो परगावच्या नातेवाइकांच्या ट्रंकेत निघतो, हा अनुभव आपल्यापैकी अनेकांना असेल. अमेरिकेतल्या एका मूकपटाची कथा अशीच आहे. चित्रपटाचे नाव ‘स्टार्क लव्ह’. दिग्दर्शक कार्ल ब्राऊन. पॅरामाउंट कंपनीने तो १९२७ साली प्रदर्शित केला आणि पुढे काही वर्षांतच तो जणू कधी बनलाच नव्हता, इतका विसरला गेला.

कार्ल ब्राऊन हा मूळचा छायालेखक. ऐन विशीच्याही आत असताना तो डी. डब्ल्यू. ग्रिफिथ यांच्या कंपनीत कॅमेऱ्यामागे मदतनीस म्हणून लागला. पुढे १९२३ सालच्या ‘द कव्हर्ड वॅगन’ या गाजलेल्या चित्रपटाचे छायालेखन त्याने केले. त्याच्या मनात मात्र वेगळेच होते. स्टुडिओतले रंगवलेले पडदे आणि भरजरी कपडे बाजूला ठेवून खऱ्या माणसांचा, खऱ्या ठिकाणचा चित्रपट करायचा. त्यासाठी तो उत्तर कॅरोलिना राज्यातल्या ग्रेट स्मोकी पर्वतराजीत गेला. तिथल्या ग्रॅहॅम काउंटीत, रॉबिन्सव्हिल गावाच्या परिसरात त्याने १९२६ साली तळ ठोकला. या डोंगरी लोकांवर होरेस केफार्ट यांनी १९१३ साली एक पुस्तक लिहिले होते. त्याचा ब्राऊनला मोठा आधार झाला.

चित्रपटाची गोष्ट साधी आहे. डोंगरातल्या एका वस्तीत रॉब नावाचा मुलगा स्वतःच्या धडपडीने वाचायला शिकतो. शेजारच्या बार्बराला तो आपले स्वप्न सांगतो. खाली खोऱ्यात शाळा आहे, तिथे जायचे. फीसाठी तो आपला घोडा विकतो. पैसे एकाच्याच शिक्षणाला पुरतात, तेव्हा तो स्वतःऐवजी बार्बराचे नाव घालून येतो. परत येऊन पाहतो तर आई कष्टाने झिजून मेली आहे, घरात लहान भावंडांची रांग आहे आणि बापाने घर सांभाळायला नवी बायको निवडली आहे. ती म्हणजे बार्बरा. तिच्या बापाचीही त्याला संमती आहे. बाप-लेकाची मारामारी होते, रॉब हरतो. आणि मग जिच्याविषयी सगळे पुरुष परस्पर ठरवत होते, ती मुलगी कुऱ्हाड हातात घेते. पुराच्या पाण्यातून दोघे निसटतात आणि शाळेच्या वाटेला लागतात.

न्यूयॉर्कच्या समीक्षकांनी चित्रपटाचे कौतुक केले. पण त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ‘द जॅझ सिंगर’ आला आणि पडदा बोलू लागला. मूकपटांची बाजारातली किंमत झपाट्याने घसरली. त्या काळची नायट्रेट फिल्म चटकन पेट घेणारी, ठेवून घ्यायला धोक्याची आणि खर्चाची. कंपन्यांनी अनेक प्रती नष्ट केल्या, काही आगीत गेल्या, काही डब्यातच कुजल्या. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार तिथे बनलेल्या सुमारे ११ हजार मोठ्या मूकपटांपैकी मूळ स्वरूपात पूर्ण टिकलेले जेमतेम १४ टक्के आहेत. आणखी काही वाचले ते परदेशी प्रतींच्या रूपाने. कारण देशोदेशी फिरून शेवटच्या मुक्कामी पोचलेली प्रिंट परत पाठवण्याचा खर्च कुणालाच परवडत नसे. ती तिथेच पडून राही.

‘स्टार्क लव्ह’ची एक प्रत अशीच चेकोस्लोव्हाकियात राहिली. मूकपटांचे ब्रिटिश इतिहासकार केव्हिन ब्राऊनलो यांना ती १९६८ साली प्रागच्या चित्रपट संग्रहालयात सापडली. पडद्यावरच्या मजकुराच्या पाट्या चेक भाषेतल्या. म्हणजे कॅरोलिनाच्या डोंगरातले संवाद आता चेकमधून पुन्हा इंग्रजीत आणायचे! पुढे ब्राऊनलोंनी जगाच्या विस्मरणात गेलेल्या दिग्दर्शकालाही शोधून काढले. कार्ल ब्राऊन हयात होता. त्याच्या ग्रिफिथकालीन आठवणींचे पुस्तक १९७३ साली आले. १९९० साली तो वारला. २००९ साली या चित्रपटाचा समावेश अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत झाला.

इथे गोष्ट सुखान्त झाली असे म्हणता आले असते. पण एक प्रश्न उरतो. आपल्याला परत मिळाले ते नेमके काय? चित्रपटातली लाकडी घरे खरी आहेत, ओढे-जंगले खरी आहेत आणि आजूबाजूला वावरणारी बरीच माणसे तिथलीच आहेत. मात्र नायिका हेलन मंडी ही टेनेसीतल्या नॉक्सव्हिल शहरातली मुलगी होती. तिचा हा एकमेव चित्रपट. शिवाय सुरुवातीच्याच पाट्या सांगतात की इथे पुरुष धनी आणि बाई राबणारी गुलाम. एका कुटुंबाची कल्पित कथा अशा रीतीने साऱ्या डोंगराचा कायदा होऊन बसते. अडाणी, आडदांड डोंगरी माणूस ही अमेरिकेच्या शहरांना आवडणारी प्रतिमा त्यातून आणखी घट्ट झाली. ज्यांचे चेहरे पडद्यावर आले, त्यांना आपली बाजू सांगायला एकही पाटी मिळाली नाही.

म्हणून असा चित्रपट दोन डोळ्यांनी पाहावा. एक डोळा कथेवर ठेवावा आणि ती कोणी, कोणासाठी रचली हे विसरू नये. दुसरा डोळा कथेच्या मागे जे आपोआप टिपले गेले त्यावर असावा. दारात उभी असलेली म्हातारी, उंबऱ्यावरची पोरे, अंगणातली कामे. ती माणसे कथेपुरती तिथे नव्हती. कॅमेरा येण्याआधीही होती आणि गेल्यावरही. चित्रीकरणानंतर आठ वर्षांनी, १९३४ साली, त्या पर्वतराजीत राष्ट्रीय उद्यान झाले आणि त्याच्या हद्दीतल्या अनेक कुटुंबांना त्याआधीच आपली घरे सोडावी लागली होती.

तो काळ पाहायला आज जी थोडी हलती चित्रे उरली आहेत, त्यांतली ही एक. ती वाचली ती कुणाच्या दूरदृष्टीने नव्हे. दूरच्या एका शहरात कुणीतरी एक निरुपयोगी डबा टाकून दिला नाही, एवढ्यानेच वाचली.