तारलीच्या पोटातले शैवाल

१९५५ साली बंगळूरच्या ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात आर. व्ही. नायर आणि आर. सुब्रह्मण्यन यांचे एक छोटे टिपण प्रसिद्ध झाले. ‘फ्रॅजिलारिया ओशनिका’ हा डायटम, म्हणजे सिलिकेचे कवच असलेले एकपेशीय शैवाल, समुद्रात विपुल झाला की तारलीही विपुल सापडते, असे त्याचे प्रतिपादन होते. आधीच्या दशकात पश्चिम किनाऱ्यावरील तारली दुर्मीळ झाली होती. त्यामुळे त्या खुणेला मोल होते.

आज ते टिपण वेगळ्या कारणासाठी वाचावे. तारलीचे तेल ज्या ओमेगा-३ मेदाम्लांसाठी नावाजले जाते, ती मुळात तिची नव्हेतच. ती सूक्ष्मशैवाले तयार करतात. मासा केवळ साठवतो. विसाव्या शतकाच्या आरंभी सर फ्रेडरिक निकल्सन यांच्या पुढाकाराने मलबारात तारलीचे तेल काढणे वाढले, आणि उरलेला चोथा खत म्हणून मळ्यांत जाई. पुढे कोळंबी-संवर्धन फोफावले, तसे हेच तेल आणि फिशमील खाद्यात जाऊ लागले. मासे वाढवण्यासाठी मासेच पकडायचे, असा हा उफराटा व्यवहार.

मधल्या माशाला वगळण्याची विद्या भारतात आहे, परंतु पाळण्याच्या वयापुरती. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या तुतिकोरिन केंद्रात १९८१ साली मोत्याच्या शिंपल्याचे बीज प्रयोगशाळेत तयार झाले. त्याच्या डिंभांचा आहार ‘आयसोक्रायसिस गॅल्बाना’ हे जेमतेम पाच मायक्रोमीटरचे शैवाल होते. त्याच संस्थेने २०१० मध्ये मंडपम येथे कोबिया माशाचे बीज मिळवले. माशांचे डिंभ शैवाल थेट खात नाहीत. शैवालावर पोसलेले रोटिफर खातात. टाकीचे पाणीही शैवालाने हिरवे ठेवले जाते. डिंभ मोठे झाले की शैवाल संपते आणि गोळीखाद्य सुरू होते. रोहू-कटल्याचे भागते पेंड आणि भाताच्या कोंड्यावर. अडचण आहे ती समुद्री मासे आणि कोळंबी यांची.

गोळीत शैवाल का नाही? कारण प्रकाश. शैवाल दाटले की वरचा थर खालच्यावर सावली धरतो आणि वाढ खुंटते. उघड्या तलावात लिटरमागे अर्धा ग्रॅम कोरडे शैवाल मिळाले तरी ते चांगले पीक. म्हणजे एका किलोसाठी सुमारे दोन हजार लिटर पाणी वेगळे करायचे आणि मग चोथा वाळवायचा. हा खर्च फिशमीलशी स्पर्धा करू देत नाही. ही अडचण जीवशास्त्राची कमी, पाणी काढण्याची जास्त.

यावर एक आडवाट निघाली आहे. ‘शिझोकायट्रियम’ हा शैवालांचा दूरचा नातलग अंधारात, पोलादी टाक्यांत, साखरेवर वाढतो आणि तेल देतो. सॅमनच्या खाद्यात त्याचा वापर होतो. ऊस आणि किण्वनाचे कारखाने असलेल्या देशाला ही वाट परकी वाटू नये.

दरम्यान केरळातील तारलीची पकड २०१२ मधील सुमारे ४ लाख टनांवरून २०२१ मध्ये सुमारे ३,३०० टनांवर आली. एल निनोचा त्यात वाटा आहेच. परंतु सारा दोष हवामानावर ढकलणे फार सोयीचे. अपुऱ्या वाढीची तारलीही जाळ्यांत आली आणि फिशमीलच्या कारखान्यांत गेली.