घोरपडे झालेले जोशी

पेशवे बाळाजी विश्वनाथ यांची लेक अनुबाई इचलकरंजीच्या व्यंकटराव घोरपड्यांना दिली होती. मराठी घराण्यांची थोडीफार ओळख असलेला वाचक इथे अडखळतोच. श्रीवर्धनकर भटांची, म्हणजे पेशव्यांच्या घराची, सोयरीक त्या काळी कोकणस्थ ब्राह्मणांबाहेर होणे अशक्य, आणि घोरपडे तर मराठा सरदारांचे नामांकित कूळ! कुळाचा शोध घेणाऱ्याने धागा पकडायचा तो नेमका इथे.

व्यंकटरावांचे वडील नारो महादेव हे मूळचे जोशी, वेंगुर्ल्याकडच्या म्हापण गावचे. घाट चढून ते कापशीच्या घोरपड्यांच्या आश्रयाला आले. कागल तालुक्यातले हे गाव आजही सेनापती कापशी म्हणूनच ओळखले जाते. ते सेनापती म्हणजे राजाराम महाराजांच्या पडत्या काळात औरंगजेबाच्या फौजांची झोप उडवणारे संताजी घोरपडे. त्यांच्या पदरी नारो महादेव नावारूपाला आले आणि धन्याच्या उपकाराची आठवण म्हणून त्यांनी जोशी हे आडनाव टाकून घोरपडे हे लावले. 1697 मध्ये संताजी मारले गेले. सेवकाच्या घराने त्यांचे नाव पुढे अडीचशे वर्षे राजचिन्हासारखे मिरवले. खाल्ल्या मिठाला जागणे आपल्याकडे पुष्कळदा सांगितले जाते, पण पिढ्यान्‌पिढ्यांची सही त्यासाठी बदलल्याचे दुसरे इतके ठसठशीत उदाहरण मला ठाऊक नाही.

गंमत अशी की संताजींच्या कुळालाही हे नाव मागाहूनच मिळाले, असे परंपरा सांगते. ते मूळचे भोसले. बहमनींचा वजीर महमूद गवान याने 1471 मध्ये खेळणा, म्हणजे आजच्या शाहूवाडी तालुक्यातला विशाळगड, जिंकला. त्या वेळी घोरपडीच्या आधाराने कडा चढून जाणाऱ्या पूर्वजाच्या वंशाला हा किताब मिळाला, अशी ही कथा. तिच्या आधाराला दाखवल्या जाणाऱ्या फर्मानांच्या खरेपणावर इतिहासकारांत वाद आहेत. कथा म्हणून ती सांगावी, वंशावळीत मात्र पुरावा म्हणून धरू नये.

इंग्लंडच्या जमीनदार घराण्यांतही आडनावे अशी बदलत. कादंबरीकार जेन ऑस्टिन यांचा भाऊ एडवर्ड नाइट घराण्यात दत्तक गेला आणि 1812 मध्ये नाइट झाला. तिथे नावामागे इस्टेट होती. तिकडे राजाचे अधिकारी सोळाव्या-सतराव्या शतकांत परगण्यापरगण्यांत फिरून सरदार-जमीनदारांच्या वंशावळी आणि कुलचिन्हे तपासून नोंदवत. आपल्याकडे असा फेरा कधी झाला नाही. वंश कागदावर उतरला तो बहुधा वतनाचा तंटा उभा राहिला तेव्हा, महजरात आणि कैफियतीत. किंवा नाशिक-त्र्यंबकच्या क्षेत्रोपाध्यायांच्या वह्यांत, यजमान येऊन नावे सांगून गेले म्हणून. तंट्याच्या कागदात प्रत्येकजण आपला हक्क जुना करून सांगतो, म्हणून तो वाचताना जपावे लागते. उपाध्यायाच्या वहीत खोटे सांगण्याचा लोभ कमी, असे मला वाटते.

इचलकरंजीचे नशीब असे की मिरजेच्या वासुदेवशास्त्री खऱ्यांसारखा कसलेला संशोधक तिला लाभला. जुनी दप्तरे उलगडण्यात आयुष्य घालवलेल्या या माणसाने संस्थानाचा इतिहास लिहिला. अशा इतिहासात नुसती पुरुषांची उतरंड वाचून थांबू नये. पहिल्या बाजीरावांची ही बहीण, अनुबाई, नवऱ्यामागे जहागिरीचा कारभार स्वतः पाहत होती. 1739 च्या गोव्यावरील स्वारीत नाव कमावलेले व्यंकटराव गेल्यावर घर उभे राहिले ते तिच्या बळावर आणि माहेरच्या वजनावर. वंशावळीच्या तक्त्यात अशा बाईला बहुधा एक कंस मिळतो, फार तर नाव.

पुढे या घरात दत्तकेही झाली. 1876 मध्ये गादीवर आलेले नारायणराव बाबासाहेब दत्तकच. त्यांच्या कारकिर्दीत, 1904 मध्ये, विठ्ठलराव दातारांनी गावात पहिला यंत्रमाग बसवला आणि जहागिरीचे गाव कापडाचे शहर होऊ लागले. म्हापणच्या जोश्यांचे रक्त तोवर किती उरले होते हा प्रश्न इथे गौण आहे. आडनाव मुळातच रक्ताने आले नव्हते, तेव्हा दत्तकाने ते तुटण्याचे कारणच नव्हते.