जोड कोणी लावायची?

यात्रेच्या आदल्या रात्री जुन्या किल्लारीत पारावर कंदील टांगून पंच बसायचे आणि जोडी लावायचे. कोण कोणाशी धरणार, कितीच्या इनामावर, कितव्या नंबरला, सगळं तिथंच ठरायचं. मी वडिलांच्या मांडीला टेकून ऐकत बसायचो. दुसऱ्या दिवशी दुपारी हलगी कडाडली की फड सुरू. आधी पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या, मग नारळाच्या, मग रुपयाच्या, मग पाचाच्या, असं चढत चढत दिवस कलायला लागला की शेवटची कुस्ती. शेवटच्या कुस्तीत असणं म्हणजे त्या वर्षापुरतं पंचक्रोशीचं पैलवान होणं. पण ती कुस्ती कोणाच्या वाट्याला येणार, हे आदल्या रात्री कंदिलाखाली ठरलेलं असायचं.

माझी पासष्टी कधीच उलटली. एसटीत कंडक्टर म्हणून नोकरी केली, त्याआधी गावच्या तालमीत माती अंगाला लावली. खेळ पाहायचं वेड मात्र कधी सुटलं नाही. या सगळ्या वर्षांत एकच प्रश्न मला पडत आला आहे. सगळ्यांत चांगला कोण, हे ठरवायचं कसं?

फडात ते तीन गोष्टींवरून ठरे. वजन, वय आणि वस्तादाचं नाव. यातली तिसरी गोष्ट जड पडायची. मोठ्या तालमीतून पैलवान आला की पंच उठून जागा देत, आणि लहान तालमीचा पोरगा कितीही तयारीचा असला तरी त्याला पाचाच्या वर चढू देत नसत. मी सतरा वर्षांचा असताना शेजारच्या एका गावच्या फडात ओळीने दोन वर्षं माझी जोड माझ्यापेक्षा हलक्या पोराशी लावली. दोन्ही वेळा मी पाठ लावली, दोन्ही वेळा नारळ घेऊन घरी आलो. मला त्या नारळाचं दुःख नव्हतं. वरच्या पोराला मी पाडू शकलो असतो की नाही, हे मला कधीच कळलं नाही, याचं होतं.

आमची तालीम म्हणजे दगड-मातीच्या भिंतींची, वर माळवद असलेली एक लांबट खोली. आमच्याकडची काळी माती हौदाला चालत नाही. ओली झाली की अंगाला चिकटते, वाळली की तिची ढेकळं होतात. म्हणून लांबून बैलगाडीनं तांबडी माती आणायची, चाळायची, तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबाचा रस घालून ती मुरवायची. वस्ताद सांगायचे, माती मुरली नाही तर पैलवानही मुरत नाही. पहाटे चारला उठून आधी हौद खणायचा, मग जोर-बैठका, मग धरायचं. खुराक म्हणजे ज्वारीची भाकरी, भुईमुगाचे दाणे आणि जमलं तर दूध. बदाम फक्त गोष्टीत ऐकलेले.

कंदिलाखालच्या जोडींना तोड निघाली ती महाराष्ट्र केसरीत. कुस्तीगीर परिषदेनं १९६१ साली ही स्पर्धा सुरू केली, आणि पहिली गदा लढली गेली ती आपल्या मराठवाड्यात, औरंगाबादला. दिनकर दह्यारी जिंकले. इथं जोड पंचांच्या मर्जीवर नव्हती. जिल्ह्याच्या निवड चाचणीतून यायचं, वजन द्यायचं, आणि समोर येईल त्याला पाडत पुढं जायचं. हरला तो घरी. शेवटी दोन उरतात आणि त्यांतला एक केसरी.

१९६९ साली ही स्पर्धा लातूरला झाली. तेव्हा लातूर जिल्हा नव्हता, तो १९८२ च्या ऑगस्टात झाला. आम्ही उस्मानाबाद जिल्ह्यात मोडत होतो. वडिलांनी मला आणि माझ्या चुलतभावाला सोबत घेतलं. मैदानात मला काही दिसेना म्हणून वडिलांनी खांद्यावर घेतलं, आणि त्या उंचीवरून मी हरिश्चंद्र बिराजदारांना पाहिलं. आमच्याच भागातलं, निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचं पोर, वय जेमतेम एकोणीस-वीस. त्या वर्षी तेच केसरी झाले. पुढच्याच वर्षी एडिंबरोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सोनं आणलं, १९७२ साली रुस्तुम-ए-हिंद झाले, आणि १९७७ ला बेळगावच्या मैदानात त्यांनी दिल्लीच्या सतपालला हरवलं तेव्हा आमच्याकडच्या एसटीत अनोळखी माणसं एकमेकांना पेढे देत होती. लहान गावचा पोरगा कंदिलाच्या पद्धतीनं वर गेला असता का? मला शंका आहे. त्याला समोरचा माणूस मिळाला, आणि तो पाडायची मोकळीक मिळाली, म्हणून तो गेला.

माझा धाकटा मुलगा टेक्सासात, ह्यूस्टनजवळ राहतो. तिथल्या खेळांचं वेड त्याला लागलं आणि फोनवरून मलाही. सुरुवातीला मला बेसबॉल म्हणजे विटी-दांडूची थोरली बहीण वाटली. मग तो एकदा म्हणाला, "बाबा, यांच्यातही माती आणि गादी आहे." आणि मी नीट बसून ऐकायला लागलो. अमेरिकेत बेसबॉलच्या दोन लीग आहेत, नॅशनल आणि अमेरिकन. दोन्हींचे विजेते शेवटी एकमेकांशी भिडतात, आणि हे १९०३ पासून चालू आहे. गंमत अशी की १९७३ पासून कितीतरी वर्षं दोन्हीकडचे नियमही वेगळे होते. एकीकडे चेंडू टाकणाऱ्यालाच दांडूही घ्यावा लागे, दुसरीकडे त्याच्या बदली दुसरा माणूस चाले. तो फरक २०२२ साली मिटला. मुलाचा लाडका ह्यूस्टनचा संघ तर २०१३ साली एका लीगमधून उचलून दुसरीत टाकला. म्हणजे मातीचा पैलवान एका सकाळी गादीवर उभा केल्यासारखं.

आपल्याकडे तेच. महाराष्ट्र केसरीत माती विभागाचा विजेता आणि गादी विभागाचा विजेता शेवटी समोरासमोर येतात. मातीत पाय रुततो, ताकद आणि दम लागतो, माणूस सावकाश फिरतो. गादीवर पाय सरकतो, चपळाई लागते, गुणांचा हिशेब डोक्यात ठेवावा लागतो. खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीत कांस्य मिळवलं ते मातीत वाढून गादीवर लढून. बिराजदारांनीही तेच केलं. म्हणून दोन विभागांची शेवटची लढत मला योग्य वाटते. दोन वेगवेगळ्या रीतींनी वाढलेली माणसं एकमेकांसमोर आली तरच कोणत्या रीतीत किती बळ आहे ते कळतं.

कॉलेज फुटबॉलची गोष्ट ऐकून मात्र मला आमचा कंदील आठवला. तिथं कितीतरी वर्षं विजेता मतांवरून ठरायचा. पत्रकार आणि प्रशिक्षक मतं देत, नंतर संगणकाचे आकडेही त्यात मिसळले, आणि त्यावरून पहिले दोन संघ निवडून त्यांची शेवटची लढत लावत. २००८ साली टेक्सासनं ओक्लाहोमाला ४५-३५ नं हरवलं होतं, तरी विजेतेपदाच्या लढतीला ओक्लाहोमा गेला. मुलाच्या ऑफिसातली माणसं आजही त्यावर भांडतात म्हणे. मी म्हटलं, भांडणारच. ज्याची पाठ लागली तो शेवटच्या कुस्तीला, आणि ज्यानं लावली तो प्रेक्षकात! २०१४ च्या हंगामापासून चार संघांत बाद फेरी सुरू केली, २०२४ पासून बारा संघांत. बारा बरोबर आहेत. चार संघ निवडताना पाचव्यावर अन्याय होतो आणि तो पाचवा मोठा असतो. बारा निवडताना तेराव्यावर होतो, पण तेरावा सहसा केसरी नसतो.

आता जे लिहायचं आहे ते टाळता येत नाही.

२९ सप्टेंबर १९९३ ला अनंत चतुर्दशी होती. गावाने गणपती बोळवले आणि दमून झोपलं. मी मुक्कामी गाडी घेऊन पंढरपूरला होतो. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. मी गावात पोचलो तेव्हा पाऊस लागला होता आणि गाव नव्हतं. लातूर-उस्मानाबादची ५२ गावं उद्ध्वस्त झाली, त्यात आमची किल्लारी सगळ्यांत पुढं. उन्हाळ्यात गार राहावं म्हणून माळवदावर वर्षानुवर्षं घातलेली माती, आणि जाड दगडी भिंती, हेच सगळं माणसांवर आलं. आमचे वस्ताद तालमीतच झोपत. तालमीच्या जागी दगडांचा ढीग होता आणि ढिगाच्या एका कडेला हौदातली तांबडी माती बाहेर आली होती. आसपासच्या काळ्या चिखलात ती लांबूनही ओळखू येत होती. आम्ही तिथंच खणायला लागलो.

त्यानंतर चार-पाच वर्षं मी एकाही फडाला गेलो नाही. हलगीचा आवाज आला की उठून दुसरीकडे जात असे.

त्या काळात आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये राहिलो. दुपारी तापलेल्या पत्र्याखाली पुरुष पत्ते कुटत बसायचे. बायका गेलेल्या, पोरं गेलेली, शेतात जाऊन तरी काय करणार? मी दोन्ही टोळक्यांत बसलो आहे, रमीच्या आणि तीन पत्तीच्याही, म्हणून सांगतो, तो फरक फार मोठा आहे. तीन पत्तीत माणूस दुःख विसरायला बसायचा आणि आलेला पैसा घालवून उठायचा. रमीत निदान कोणतं पान पडलं, कोणतं कोणाकडे गेलं, हे ध्यानात ठेवावं लागे, आणि तेवढा वेळ डोकं दुसऱ्या गोष्टीत राहायचं. पुढं कळलं की सुप्रीम कोर्टानं १९६७ सालीच हा फरक केला होता. प्रकरण सिकंदराबादच्या एका क्लबचं, आणि कायदा हैदराबाद संस्थानाचा, १३०५ फसलीचा. म्हणजे निजामाच्या राज्यात आमच्या आजोबांना लागू असलेलाच. कोर्टाचं म्हणणं असं की रमीत पानं लक्षात ठेवायला आणि जुळवायला कसब लागतं, तीन पत्त्यांचा खेळ मात्र निव्वळ नशिबाचा.

मुलगा म्हणतो पोकर या दोन्हींच्या मधला. हाती पडणारी पानं नशिबाची, पण लावायचं किती आणि सोडायचं कधी, हे माणसाचं. एका डावात अडाणीही जिंकतो, हजार डावांत जाणकारच. मला हे पटतं. मराठीत पत्त्यांचाही डाव, क्रिकेटचाही डाव आणि कुस्तीतही डाव. पत्त्यांचा एक डाव काहीच सिद्ध करत नाही. बेसबॉलचा एक सामनाही फारसं नाही, म्हणूनच ते शेवटी सातांतून चार जिंकायला लावतात. २०२५ च्या ऑक्टोबरात लॉस एंजेलिस आणि टोरंटो यांचा तिसरा सामना आमच्याकडे पहाटे साडेपाचला सुरू झाला. मुलानं फोन लावून ठेवला होता. नऊ डावांत निकाल लागेना. माझा चहा झाला, आंघोळ झाली, भाकरी झाली, आणि अठराव्या डावात, ६ तास ३९ मिनिटांनी लॉस एंजेलिस जिंकलं. घड्याळ बघून कोणी खेळ थांबवला नाही, याचं मला फार समाधान वाटलं. जुन्या फडातली कुस्तीही अशीच असायची. निकाल लागेपर्यंत.

कुस्तीचं मात्र एकाच लढतीत भागतं, असं मी ठामपणे मानतो. कारण तिथं पान कोणी वाटत नाही. पाठ लागली की लागली, सगळ्या मैदानाला दिसते. भांडण होतं ते गुणांवर. जानेवारी २०२३ ला पुण्यात माती विभागात सिकंदर शेख आणि महेंद्र गायकवाड भिडले, बाहेरच्या टांगेला चार गुण दिले, आणि महाराष्ट्रभर दोन तट पडले. तो डाव मी फोनवर पन्नास वेळा पाहिला असेल. त्याच वर्षी नोव्हेंबरात फुलगावला सिकंदरनं शिवराज राक्षेला काही सेकंदांत चितपट केलं. त्यावर कुणी एक शब्द बोललं नाही. काय बोलणार?

आणि एक लढत अशी की जी आठवली तरी मला बरं वाटतं. जानेवारी २०२०, बालेवाडी. माती विभागातून आमच्या लातूर जिल्ह्याचा शैलेश शेळके, गादीतून नाशिककडून हर्षवर्धन सदगीर. दोघंही एकाच वस्तादाचे, काका पवारांचे पठ्ठे, आणि पवारही लातूर जिल्ह्यातल्या साईचे. ३-२ नं शैलेश हरला. एका गुणानं. हर्षवर्धननं त्याला खांद्यावर उचललं आणि मैदानात फिरवलं. मी टीव्हीसमोर उभा राहिलो होतो. १९६९ ला मी वडिलांच्या खांद्यावर होतो, वय वर्षं बारा. हरलेल्याला खांद्यावर घेतलेलं मात्र मी या वेळी पहिल्यांदा पाहिलं.

नव्या गावात घरं लांब लांब आहेत, रस्ते रुंद, सगळं चौकोनी. पोरं मोकळ्या जागेत टेनिस बॉलवर क्रिकेट खेळतात. तालमीत येणारी थोडी आहेत, पण आहेत. मागच्या यात्रेला पंचांनी मला रेवड्यांच्या कुस्त्या बघायला बसवलं. आदल्या रात्री यादी करू म्हणाले. मी नको म्हटलं. दुसऱ्या दिवशी सगळी पोरं मैदानात ओळीनं उभी केली, आणि एकेकाला पुढं घेऊन दुसऱ्याच्या खांद्याला खांदा लावून बघितलं. मनगट दाबून बघितलं. कोणत्या तालमीचा, कोणाचा, विचारलं नाही. लामजन्याकडून आलेलं एक काटकुळं पोर दोनदा नाकारलं गेलं, कुणाशीच जुळेना. ते जाईना. कोपऱ्यात उभं राहून लंगोट पुन्हा पुन्हा आवळत होतं. शेवटी आमच्याच तालमीतलं एक पोर स्वतःहून पुढं आलं, जरा दांडगं होतं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मी लामजन्याच्या पोराला विचारलं, "धरतो का रे?"

त्यानं वाकून मूठभर माती उचलली आणि समोरच्याच्या खांद्याला लावली.