दुधांतील तांबें

कोल्हापुरास पंचगंगेच्या कांठीं ब्रह्मपुरीची टेकडी आहे. १९४४ ते १९४६ च्या दरम्यान तेथें उत्खनन होऊन सातवाहनकालीन वस्तीचे अवशेष मिळाले, आणि तांब्याकांशाच्या वस्तूंचा मोठा संचयही हातीं लागला. त्यांतील समुद्रदेवाच्या मूर्तीची कीर्ति दूरवर गेली. आमचें लक्ष मात्र तिच्या सोबतच्या भांड्यांकडे अधिक जातें. तांब्यापितळेशीं आपल्या घरांचा संबंध किती जुना, याची तीं साक्ष देतात. आंबट पदार्थ कल्हईवांचून पितळेंत ठेवूं नये, हें आपल्या आजीबाईंस पक्कें ठाऊक होतें; दुधाविषयीं मात्र त्या निःशंक होत्या.

ही निःशंकता किती महाग पडली, तें पुढें कळून आलें. वर्षा-दोन वर्षांच्या मुलाचें पोट फुगावें, यकृत दगडासारखें कठीण व्हावें, कावीळ होऊन कांहीं महिन्यांत तें दगावावें, असा एक रोग या देशांत होता. त्याची नोंद १८८७ सालीं कलकत्त्यास झालेली आढळते. एकाच घरांत पाठोपाठ भावंडें जात, म्हणून कोणी तो कुळाचा दोष मानी, कोणी दैवाचा. १९७० नंतर अशा मुलांच्या यकृतांत तांब्याचा अतोनात सांठा आढळला. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. शीला भावे व डॉ. आनंद पंडित यांनीं इंग्लंडच्या डॉ. स्टुअर्ट टॅनर यांच्यासह घरोघरच्या चालीरीतींची चौकशी केली, आणि १९८३ सालीं 'लॅन्सेट' साप्ताहिकांत कारण पुढें मांडलें: पितळी भांड्यांत तापविलेलें व ठेवलेलें जनावराचें दूध. दुधांतील प्रथिन तांब्यास धरून ठेवतें. तें बाहेर टाकण्याची शक्ति कोवळ्या यकृतास पुरेशी नसते.

उपायही सांपडला. १९५६ सालीं जॉन वॉल्श यांनीं तांब्याच्याच एका आनुवंशिक विकारावर पेनिसिलामिन हें औषध योजिलें होतें. असलीं द्रव्यें धातूस दोहों बाजूंनीं पकडून मूत्रावाटे बाहेर नेतात. म्हणून या क्रियेस खेकड्याच्या नांगीवाचक ग्रीक शब्दावरून 'किलेशन' हें नांव पडलें. पुण्यास तें या बालकांना दिलें गेलें. ज्यांस तें वेळीच मिळालें, त्यांपैकीं कित्येक वांचलीं. उशीर झाला तेथें औषधाचा इलाज चालला नाहीं.

परंतु या इतिहासाचा खरा बोध निराळा आहे. नांगीनें कांहीं मुलें वांचविलीं. रोग हटविला तो भांडें बदलल्यानें. आयांना समजावून सांगितलें गेलें, स्टीलचीं पातेलीं घरांत आलीं, आणि एके काळीं घराघरांस धास्ती घालणारा हा रोग विरळ होत गेला.

आज शरीरांतील जड धातु काढण्याच्या गोळ्या व चूर्णें वाटेल त्यास विकलीं जातात. तीं घेणाऱ्यानें दोन प्रश्न विचारावे: विष आहे हें तपासणीनें ठरलें काय, आणि तें येतें कोठून? नांगीस शत्रुमित्र कळत नाहीं. २००५ सालीं अमेरिकेंत एका पांच वर्षांच्या मुलास अशाच जातीचें औषध शिरेंतून दिलें असतां रक्तांतील कॅल्शियम ओढलें जाऊन त्याचा अंत झाला. पुण्याच्या वैद्यांनीं आधीं यकृत तपासलें, मग चुलीवरचें पातेलें पाहिलें, आणि तेव्हां कोठें औषध दिलें. हा क्रम आम्हांस त्या औषधाहूनही मोलाचा वाटतो.