रुग्णाची संमती : राजाज्ञेपासून रुग्णाच्या अधिकारापर्यंत

शस्त्रक्रियेपूर्वी अनुमती घेण्याचा एक प्राचीन दाखला वाराणसीच्या, म्हणजेच काशीच्या वैद्यक परंपरेत आढळतो. काशिराज दिवोदास धन्वंतरी यांनी सुश्रुतास केलेला उपदेश, असे सुश्रुतसंहितेचे स्वरूप आहे. मुतखड्याच्या शस्त्रक्रियेसंबंधी तीत म्हटले आहे, की शस्त्रक्रिया न केल्यास मृत्यू निश्चित आणि केल्यास यश अनिश्चित. म्हणून वैद्याने राजाची अनुज्ञा घेऊनच ती करावी. धोका आधी मांडण्याचे तत्त्व येथे दिसते. मात्र अनुज्ञा रुग्णाची नव्हे, राजाची आहे.

आज हा अधिकार रुग्णाचा आहे. १६ जानेवारी २००८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका महत्त्वपूर्ण निकालात तो स्पष्ट केला. केवळ तपासणीसाठी संमती दिलेल्या महिलेचे गर्भाशय, ती भुलीखाली असताना, तिच्या आईच्या संमतीने काढण्यात आले होते. ही संमती न्यायालयाने अग्राह्य ठरविली. उपचाराचे स्वरूप, हेतू, लाभ, पर्याय, प्रमुख धोके व उपचार नाकारल्यास होणारे परिणाम रुग्णास सांगणे आवश्यक आहे, असे न्यायालयाने म्हटले.

ही माहिती रुग्णास समजली तरच संमतीला अर्थ आहे. वाराणसीत बनारस हिंदू विद्यापीठाच्या सर सुंदरलाल रुग्णालयात पूर्व उत्तर प्रदेश व बिहारमधून रुग्ण येतात. मुंबईच्या टाटा स्मारक केंद्राची दोन कर्करोग रुग्णालयेही येथे असून त्यांचे उद्घाटन १९ फेब्रुवारी २०१९ रोजी झाले. यांतील अनेक रुग्णांची बोली भोजपुरी आहे. न वाचता आलेल्या संमतिपत्रावर उमटविलेला अंगठा हा संमतीचा पुरावा ठरू शकतो, आकलनाचा नव्हे.

कर्करोगाचे निदान रुग्णापासून लपवावे, असा आग्रह नातेवाईक पुष्कळदा धरतात. रुग्णाच्या स्थितीचे गांभीर्य वाढवून वा कमी करून सांगू नये, असे भारतीय वैद्यक परिषदेची २००२ ची आचारसंहिता सांगते. मात्र ही माहिती रुग्ण, नातेवाईक किंवा जबाबदार स्नेही यांना असावी, अशी तिची शब्दरचना असल्याने रुग्णास वगळण्यास वाव राहतो. म्हणून किती जाणून घ्यायचे, हे प्रथम रुग्णालाच विचारणे हा योग्य मार्ग होय. त्यानंतर सांगितलेले त्याने स्वतःच्या शब्दांत परत सांगावे. त्यावरून आकलनातील उणीव लगेच लक्षात येते. या पद्धतीला कोणतेही उपकरण लागत नाही. लागतो तो डॉक्टरांचा थोडा वेळ आणि रुग्णाची भाषा.